मागची डावी बाजू

"गाडी एकदम चांगली आहे," असं कोणी म्हटलं की चुंबककाकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "गाडी तशी बरी नाही हो," असं म्हटलं तर त्याहून जास्त. माणूस आपल्याच मालाला नावं ठेवतो म्हणजे त्याला एखादं मोठं दुखणं झाकायचं असतं, असं त्यांचं पक्कं मत. आणि विकणारा गप्प बसला तर मग विचारूच नका. काका शर्टाच्या बाह्या वर सारून सरळ गाडीखाली शिरायचे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना ती तपासून द्यायची, हाच त्यांचा धंदा. एकतीस वर्षं तो चालला होता. शर्टाच्या खिशात बॅटरी आणि पँटच्या खिशात मऊ फडक्यात शिवलेलं एक बटणाएवढं चुंबक. ते पत्र्यावर ठेवायचं आणि हलक्या हातानं फिरवायचं. पत्रा अस्सल असेल तर चुंबक घट्ट धरून बसतं. गाडी ठोकलेली असेल, खड्ड्यात लांबीचा लगदा भरून वर रंग मारलेला असेल, तर त्याची पकड सुटते आणि ते टपकन खाली पडतं. वरचं फडकं झिजलं की बायको नवं शिवून द्यायची. त्या चुंबकापायी लोक काकांचं खरं नाव विसरून गेले होते, आणि काकांनाही ते फारसं आठवावं लागत नव्हतं.

तपासणी झाली की ते एका चिठ्ठीवर सगळं लिहून द्यायचे. शेवटची ओळ शेऱ्याची. तिथं दोनच शेरे यायचे, "घ्यावी" किंवा "घेऊ नये". ठोकलेली गाडी असली तर दुसरा, मग ती कितीही गोंडस दिसो. "एकदा ठोकली ती ठोकली," काका म्हणायचे. "वरून कितीही पावडर लावा, आतून ती सरळ होत नाही." गिऱ्हाईक हिरमुसलं तरी ते बधायचे नाहीत. त्यांच्या नकारामुळे कितीतरी माणसं खड्ड्यात पडायची वाचली होती, हेही खरंच. फक्त हा स्वभाव कामावरून घरी येताना दारात काढून ठेवायची सोय नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाब नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, तर यांनी त्यांचं मशीन शेवटचं कधी तपासलं ते विचारलं. लेकीचं लग्न ठरताना मुलाचा पगार विचारला नाही. दारात काढलेले त्याचे बूट उलटे करून टाचा बघितल्या. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या होत्या. "सरळ चालतो," असं म्हणून काकांनी होकार दिला. आणि कोणी गाडी मागे घेताना दिसला, मग तो ओळखीचा असो वा नसो, काका रस्त्यात उभे राहून हातवारे करणारच. दुसऱ्याला मागचं दिसतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

संशयातून सुटलेली जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची लाल गाडी.

सव्वीस वर्षांची गाडी. दोन दारांची, बसकी, बॉनेट लांबलचक. एके काळी पोरं रस्त्यात थांबून तिच्याकडे बघायची. तीन दिवस तपासून, कणन् कण चुंबकाखालून घालून, काकांनी ती सोळा वर्षांपूर्वी घेतली होती. स्टिअरिंग जड, क्लच त्याहून जड, आत बसायचं म्हणजे अंगाची घडी करून उतरायचं. पण चढावर दुसरा गिअर टाकला की अशी झेप घ्यायची की बायको दाराची कडी धरून डोळे मिटायची. दर रविवारी काका तिला स्वतः धुवायचे आणि मग कागद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर न्यायचे. तिथं स्टिअरिंग सोडून दहा आकडे मोजायचे. गाडी तसूभर हलायची नाही. "हिला म्हणतात न ठोकलेली गाडी," ते बाजूला बसलेल्याला सांगायचे. तिची मागची डावी बाजू बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्त चकाकायची. त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: त्या बाजूला भिंतीची सावली असते, ऊन लागत नाही, म्हणून रंग टिकलाय.

आता मूळ गोष्ट. काकांच्या सहा वर्षांच्या नातीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. कमरेपासून एका पायाच्या घोट्यापर्यंत आणि दुसऱ्याच्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय फाकलेले, मध्ये आडवी दांडी. तिला बसता येत नव्हतं, आडवंच न्यावं लागणार होतं. शनिवारी घरी सोडणार होते आणि नंतर दोन महिने दर आठवड्याला दाखवायला न्यायचं होतं. हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेत ती इतकी रडली होती की त्या पांढऱ्या गाडीचं नाव काढलं तरी तिचे ओठ थरथरायचे. ती एकच म्हणत होती, "मला आजोबांच्या लाल गाडीतून न्या."

काकांनी टेप घेऊन लाल गाडीची मागची सीट मोजली. मग पुठ्ठ्यावर नातीचा आकार कापून तो दारातून आत घालून बघितला. पुठ्ठा दारातच अडकला. तिरका करून बघितला, उलटा करून बघितला, मग टेपच खोटी असेल म्हणून शेजाऱ्यांची टेप आणली. तीही तेच म्हणाली. तेव्हा कुठे काका मुकाट्यानं आत आले आणि बायकोला म्हणाले, "वॅगन लागणार. मागचं दार आख्खं वर उघडणारी."

जावयानं गाड्या शोधायला सुरुवात केली. चार सापडल्या. चारही काकांनी नापास केल्या. पहिलीचे पेडल तिच्या किलोमीटरच्या मानानं फारच झिजलेले होते. दुसरीच्या गालिच्याला पुराच्या पाण्याचा वास होता. तिसरीचा मालक घाम पुसत होता. चौथीत काहीच सापडलं नाही, म्हणून ती नापास.

बुधवारी जावयानं पाचवी शोधून काढली. "बाबा, ही शेवटची," लेक फोनवर म्हणाली. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय त्यांच्याकडे. आणि शनिवार काही लांब नाही." तिचा आवाज दमलेला होता. तीन आठवडे ती हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपत होती.

गाडी एका मुख्याध्यापिका बाईंची होती. राखाडी रंगाची, चार वर्षांची, लांब पाठीची फॅमिली वॅगन. काकांना ती बघताक्षणीच आवडली नाही. बसल्याबरोबर ती टुकटुक करू लागली: पट्टा लावा. पट्टा लावला, तर पडद्यावर बाण आले. चावी फिरवायची सोय नाही, बटण दाबायचं. बटण दाबलं, तर इंजिन चालू झालं की नाही तेच कळेना. लाल गाडी चालू झाली की आख्ख्या गल्लीला कळायचं. ती कुरकुरायची, खोकायची, कुठं दुखतंय ते सांगायची. "बोलणाऱ्या गाडीचं बरं असतं," काका जावयाला म्हणाले. "ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय. काय लपवतेय कोण जाणे."

"बाबा, नवीन गाड्यांचा आवाज कमीच असतो," जावई म्हणाला आणि उगाच खोकला.

तो खोकला काकांनी मनात टिपून ठेवला.

चढावर वॅगन गुपचूप चढून गेली. झेप नाही, गुरगुर नाही, बाईंच्या बाटलीतलं पाणीसुद्धा डचमळलं नाही. सरळ रस्त्यावर काकांनी स्टिअरिंग सोडलं, दहा मोजले, गाडी सरळ. पंधरा मोजले, तरी सरळ. बोटांनी दाबून बघितलेल्या सीटा धड होत्या. गालिच्याखाली बॅटरी मारली, तर वितळून चिकटलेला एक निळा मेणखडू, बिस्किटाचा चुरा आणि केसांचा चाप. पेडलचे रबर आणि किलोमीटर यांचं जमत होतं. मागची सीट दुमडली की सपाट ओटाच तयार होत होता, पुठ्ठ्याची नात त्यात ऐसपैस झोपली.

"विकताय कशाला?" काकांनी विचारलं.

"मुलं मोठी झाली," बाई म्हणाल्या. "आता एवढी मोठी गाडी लागत नाही."

मुलं सगळ्यांचीच मोठी होतात, काका मनात म्हणाले, आणि त्यांनी चुंबक बाहेर काढलं. बॉनेट, छप्पर, डावी बाजू, डिकी, सगळीकडे ते घट्ट बसलं. मागच्या उजव्या दारावर, कडीच्या खाली वीतभर, ते घसरलं आणि खाली फरशीवर पडलं.

काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. कबूल करायला हवं, नातीच्या गाडीत दोष सापडला याचं नातीच्या आजोबांना त्या क्षणी बरं वाटलं.

"शाळेचं फाटक," बाई लगेच म्हणाल्या. "मागे घेताना लागलं. मी फोनवर सांगितलं होतं की यांना."

काकांनी जावयाकडे बघितलं. जावई आपल्या बुटांकडे बघत होता. त्या टाचा अजूनही सारख्याच झिजलेल्या होत्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायलाच आला नसता, बाबा," तो हळूच म्हणाला.

काकांनी चिठ्ठी लिहिली नाही. ती घरी बसून, शाई वाळेपर्यंत विचार करून लिहायची त्यांची पद्धत. पण शेरा काय असणार ते तिघांनाही माहीत होतं. बाईंनी संध्याकाळी सहापर्यंत वाट बघते म्हणून सांगितलं.

दोघं घरी परतले तेव्हा लेक आईकडे कपडे घ्यायला आली होती. अंगणातच तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"ही पण नाही?"

"ठोकलेली आहे," काका म्हणाले. "आणि तुझ्या नवऱ्यानं ते लपवलं."

"एक दार, बाबा! फाटकाला घासलेलं एक दार! तिला काय त्या दारावर झोपवायचंय?"

"आज दार दिसतंय. आत काय वाकलंय ते कुणी बघितलंय? पोरीला घेऊन जायचंय त्यातून. अस्सल पत्रा कसा असतो ते तुम्हा लोकांना माहीतच नाही, म्हणून कुणीही काहीही गळ्यात मारतं. ये इकडे. ये, दाखवतो."

तिचं मनगट धरून ते तिला लाल गाडीपाशी घेऊन गेले. नेमके गेले ते सगळ्यात चकाकणाऱ्या बाजूला.

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली.

"राहू द्या काय? बघ. असं बसतं ते, असं—"

चुंबक घसरलं. चाकाच्या कमानीवर आपटून उडालं आणि लेकीच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

काकांनी ते उचललं. फडकं निसटलं असेल म्हणून घट्ट केलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. वीतभर पुढे लावलं, पडलं. थेट दाराजवळ लावलं तेव्हा कुठे ते चिकटलं. काकांनी बोटानं त्याची हद्द आखली. दोन हात लांब, हातभर उंच. फाटकाला घासलेलं दार त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

त्यांच्या डोक्यात संशयाची चक्रं गरगर फिरू लागली. आधीचा मालक? शक्य नाही, तीन दिवस तपासलेली गाडी. शेजारी? त्याला चावी कोण देणार? पेंटर? तो तर जिवलग मित्र, दर सोमवारी अंगणात बसून चहा पिणारा. चहा पिताना तो नेहमी गाडीकडे पाठ करूनच बसायचा, हे काकांना आत्ता पहिल्यांदा जाणवलं.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

पायरीवरून बायको म्हणाली, "अहो, आधी आत या."

"मी," लेक म्हणाली.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती एकोणीस वर्षांची होती. काकांनी तिला महिनाभर गाडी शिकवली आणि मग आपल्या थोरल्या भावाच्या आजारपणात ते आठ दिवस परगावी गेले. दुसऱ्या दिवशी तिनं चावी घेतली. मागे घेताना पाण्याच्या टाकीचा खांब. आईनं पेंटरला बोलावलं. त्यानं गाडी गॅरेजात नेऊन शटर ओढून घेतलं आणि पाच दिवस दुसरं कामच धरलं नाही. त्यानंतर लेकीनं स्टिअरिंगला हात लावला नाही. "मला नाही आवडत," एवढंच म्हणाली. काकांना तेव्हा संशय आला होताच. पोरीचं कुठंतरी जुळलंय असा! महिनाभर ते तिच्या कॉलेजच्या बसमागून लाल गाडी घेऊन फिरले होते, ती ठोकलेली बाजू जगाला दाखवत. आणि त्यातून काही निघालं नाही तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला शिकवता येत नाही. ते त्यांना फार लागलं होतं. कोणाला बोलले मात्र नव्हते.

"मी एवढा ओरडलो असतो का?" त्यांनी विचारलं.

"ओरडण्याची भीती नव्हती, बाबा. ओरडून झालं की तुम्ही जेवायला बसता, मला माहीत आहे." लेकीनं डोळे पुसले. "पण एकदा ठोकलेली म्हटलं की तुम्ही त्या गाडीकडे परत बघत नाही. मला वाटलं, माझंही तसंच होईल."

काका तिथंच गाडीला टेकून खाली बसले. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी लोकांना रडवलं होतं, पण घरातली माणसंही आपल्या शेऱ्याला घाबरत असतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना लाज वाटली. रागही आला, पण तो नक्की कुणावर काढायचा ते ठरेना. बायको, लेक, जावई, पेंटर, सगळे एकाच माळेचे मणी. आणि त्यांना एकत्र ओवणारा दोरा आपणच.

त्यांनी त्या चकचकीत पत्र्यावरून तळहात फिरवला.

"काम चांगलं केलंय नालायकानं," ते म्हणाले. "कुठं उंचवटा लागत नाही."

मग त्यांनी चावी काढली आणि लेकीपुढे धरली. "चल. कारखान्यामागे."

"आत्ता? बाबा, बारा वर्षं झाली—"

"क्लच जड आहे. बाकी काही बदललेलं नाही."

ती दोनदा गाडी बंद पाडत, गिअर खरखरवत त्या रस्त्यावर पोचली. नसलेला ब्रेक दाबून दाबून काकांचा उजवा पाय दुखायला लागला होता. सरळ रस्ता आला तेव्हा ते म्हणाले, "सोड स्टिअरिंग. मोज."

तिनं हात उचलले. एक, दोन, तीन. लाल गाडी दर रविवारसारखीच नाकासमोर चालत राहिली. दहा झाले तेव्हा लेक हसत होती आणि रडतही होती, आणि काका खिडकीबाहेर बघत होते. बारा वर्षं दर रविवारी ही ठोकलेली गाडी सरळ चालत होती आणि ते शेजारच्या माणसाला भलतंच काहीतरी सांगत होते.

घरी येऊन त्यांनी चिठ्ठी लिहिली. "मागचं उजवं दार ठोकलेलं, लांबी भरलेली. गाडी सरळ चालते." शेऱ्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मग लिहिलं, "घ्यावी." आणि जावयाला म्हणाले, "पळा. सहाला दहा कमी आहेत. आणि परत माझ्यापासून काही लपवाल तर..." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लपवू नका," एवढंच म्हणाले.

शनिवारी हॉस्पिटलच्या दारात वॅगनचं मागचं दार आख्खं वर उघडलं आणि नातीला गादीसकट आत सरकवलं. ती रडली नाही. छपराच्या काचेतून तिला ढग दिसत होते, त्यामुळे लाल गाडीचं नाव तिनं काढलंच नाही. काकांना ते जरा झोंबलं. वॅगनमध्ये सीटा दुमडल्यावर आजी आणि जावई यांच्यापुरतीच जागा उरली.

"तुम्ही दोघं लाल गाडीतून या," बायको म्हणाली, आणि वॅगन निघून गेली.

काका सवयीनं चालवणाऱ्याच्या दाराकडे वळले, थांबले आणि फिरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. लाल गाडी दोन गाड्यांच्या मध्ये अडकली होती, मागे हॉस्पिटलच्या फाटकाचा दगडी खांब. लेकीनं रिव्हर्स टाकला आणि आरशात बघितलं. मग ती वडिलांची वाट बघत थांबली. आता ते उतरणार, मागे उभे राहणार, हातवारे करणार.

काकांचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो तिथंच राहिला.

"बाबा, मागे खांब आहे."

"तुला दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग घे," काका म्हणाले. आणि ते समोर बघत बसले.